चार नंबरच्या बाई

“रडून झालं? बरं. आता उद्या सकाळी काय करणार, ते लिही. आणि किती वाजता, तेही.”

हे वाक्य बाई टाईप करायच्या, तेही दोन बोटांनी, आणि करता करता मोठ्यानं पुटपुटायच्या. माझ्या अख्ख्या सायबर कॅफेला ते ऐकू जायचं. शेजारच्या केबिनमध्ये परदेशातल्या मुलाला पत्र लिहिणारे आजोबा एकदा दचकून उठले आणि मला विचारू लागले, “मला म्हणाल्या काय हो त्या?”

मला त्या बाई आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोडच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती मला पाळता येणार नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती कुठंही गेली तरी जागा आपलीच असल्यासारखी बसतात, आपल्याकडे न बघता आपल्याला कामाला लावतात, आणि संध्याकाळी घरी जाताना आपणच काहीतरी चुकलो असं आपल्याला वाटत राहतं.

नव्वदच्या दशकात शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. नवीन शतक लागलं आणि मुलं टाईपरायटरकडे फिरकेनाशी झाली. मी यंत्रं विकली, सहा कॉम्प्युटर मांडले, मध्ये प्लायवूडच्या भिंती घातल्या आणि बाहेर ‘इंटरनेट, ई-मेल, चॅटिंग’ अशी पाटी लावली. दहा बोटांनी, खाली न बघता टाईप करायला मी शेकडो पोरांना शिकवलं होतं. आणि आता रोज अकरा वाजता पन्नाशीची एक बाई येऊन माझ्या चार नंबरच्या मशीनवर कोंबडीनं दाणे टिपावेत तशी कळफलकावर टोचत बसायची. मी एकदा म्हणालो, “बाई, दोन आठवड्यांत शिकवतो. सगळी बोटं वापरा.”

“मला वेग नको आहे, मालक,” त्या म्हणाल्या. “पलीकडच्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो.”

त्या मूळच्या नेसरीकडच्या. घरात शिकलेल्या पहिल्याच. समाजकार्याची पदवी घेऊन एका दवाखान्यात मनोरुग्णांच्या विभागात वीस-बावीस वर्षं नोकरी केलेली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी भांडण झालं म्हणून राजीनामा दिला, एवढंच मला कळलं होतं. का भांडण झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला नवल वाटलं नाही. मग पुण्याच्या कुणा मंडळींनी इंटरनेटवर सल्ला देण्याची एक सोय सुरू केली, तिच्यासाठी त्या इथून काम करू लागल्या. माणसांनी नाव सांगायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. आपलं दुखणं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहायचं आणि बाईंनी उत्तर द्यायचं. कुणाला झोप लागत नाही, कुणाला परीक्षेत घाम फुटतो, कुणाचं सासूशी पटत नाही, कुणाला सकाळी उठावंसंच वाटत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. समोर बसवून माणसाचं डोकं ताळ्यावर येत नाही, ते तारेतून काय येणार?

बाईंची रीत मात्र मी ऐकलेल्या कुठल्याच मानसोपचारासारखी नव्हती. बालपणात काय झालं, आईनं काय केलं, हे त्या फारसं विचारत नसत. कुणी चार पानं लिहिली की तीन ओळींत उत्तर. एक माणूस होता, त्याला साहेबाच्या केबिनमध्ये जायची भीती वाटायची. बाईंनी त्याला सांगितलं, सोमवारी फक्त दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. मंगळवारी दार वाजवून ‘नमस्कार’ म्हणून परत यायचं. बुधवारी एक कागद घेऊन जायचं. गुरुवारी त्याचं पत्र आलं तेव्हा बाई चार नंबरमधून ओरडल्याच, “गेला! गेला की रं माझा वाघ!” आणि लगेच घसा खाकरून गप्प झाल्या. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, “तुमचा पंखा कुईकुई करतोय. तेल घाला.”

अशा त्या. माझ्या कॅफेत गाणी लागायची, ती त्यांनी बंद करायला लावली. पोरं गेम खेळताना आरडाओरडा करायची, त्यांना एकदा उठून इतकं झापलं की चारजण परत आलेच नाहीत. शेजारी दत्तूभाऊंचं शिवणकामाचं दुकान. दत्तूभाऊंना चेष्टेची हौस. एक दिवस चार माणसांसमोर त्यांनी बाईंना अडवलं.

“बाई, आमालाबी जरा येड लागलंय म्हणत्यात. बघता का?”

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावल्या की त्यांची भाषा गावाकडची व्हायची. “येड न्हाय लागलेलं तुमाला. रिकामपण लागलंय. दुकान किती वाजता उघडता?”

“अकराला.”

“नवाला उघडा. आठ दिवस उघडा आणि मग या मला सांगाय.”

माणसं हसली. दत्तूभाऊंचा चेहरा पडला. बाई गेल्यावर त्यांनी बाईंच्या जातीवरून एक शेरा मारला, तो इथं लिहीत नाही. मी तो ऐकला आणि हसलो नाही, पण दत्तूभाऊंना गप्पही केलं नाही. चहा सांगितला. त्या दिवशीचा मी असा होतो.

आता माझ्या घराकडे वळावं लागेल, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

आम्ही राहायला टेंबलाईवाडीत. मी, बायको शैला, शाळेत जाणारी मुलगी आणि आई. शैला बी.ए. झालेली, हसरी, चारचौघांत बोलणारी. एकदा लक्ष्मीपुरीच्या मंडईत कोथिंबीर निवडता निवडता तिच्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं, श्वास पुरेना, हातपाय गार पडले आणि ती तिथंच खाली बसली. भाजीवालीनं पाणी मारलं, रिक्षात घालून घरी आणलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं आणि सांगितलं, काहीही झालेलं नाही. पण त्या दिवसानंतर शैला एकटी बाहेर पडेना. आधी मंडई बंद झाली, मग देऊळ, मग मुलीची शाळा. वर्षभरात ती आमच्या फाटकाच्या आत आली. मी बरोबर असलो तरी रिक्षात माझा दंड घट्ट धरून, डोळे मिटून बसायची.

आईनं उतारे टाकले. मी काय केलं? मी हसलो. पाहुण्यांसमोर तिला ‘आमची घरकोंबडी’ म्हणायचो. पाहुणे हसायचे, तीही हसायची. मला वाटायचं, हसते म्हणजे तिला चालतंय.

कॅफेतला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणून ठेवला होता, मुलीसाठी. फोनच्या तारेवर त्याला इंटरनेट होतं. आणि बाईंनी त्यांच्या त्या सोयीची छापील पत्रकं माझ्या काउंटरवर ठेवली होती. ती कोणी नेत नव्हतं म्हणून मीच गठ्ठा घरी नेला. मागची बाजू कोरी होती, किराण्याची यादी करायला बरी. म्हणजे ते पत्रक शैलाच्या हातात मीच नेऊन दिलं. तेव्हा मला याची गंधवार्ताही नव्हती.

एका सकाळी चार नंबरमधून बाईंचं पुटपुटणं कानावर आलं. “आजही चाफ्याच्या... झाडापर्यंत... जायचं. झाडाला हात... लावायचा. आणि दहा... आकडे... मोजून... मग परत यायचं. धडधडलं तर... धडधडू दे.”

मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी घरी गेलो तर आई दारातच.

“तुझ्या बायकूला काय झालंय रं? रोज त्या कोपऱ्यावरच्या चाफ्यापर्यंत जातीया, झाडाला हात लावून हुबी ऱ्हातीया आणि माघारी येतीया. देसायांची सून बघत हुती. काय म्हणतील लोकं?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली. दोन गोष्टी जुळायला मला त्या दाराशी एक क्षणच लागला असेल. शैला स्वयंपाकघरात होती. मी तिला काही विचारलं नाही. का नाही विचारलं, याचा विचार मी नंतर खूप केला. मला वाटतं, तिनं खरं सांगितलं असतं याची मला खात्री होती, आणि मला ते तिच्याकडून ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हा कॅफेचा पहिला नियम. भिंतीवर तो मीच लावलेला. दुसऱ्या दिवशी बाई हात धुवायला मागं गेल्या तेव्हा मी चार नंबरमध्ये शिरलो. पडद्यावर पत्रांची एक रांग होती. वरून तिसरं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: घरकोंबडी.

मी ते उघडलं. पत्रं बरीच होती. मी दोन-तीनच वाचू शकलो. तिनं मंडईतलं सगळं लिहिलं होतं. कोथिंबिरीचा वास आला तरी अजून पोटात गोळा येतो, हे लिहिलं होतं. ते मला माहीत नव्हतं. माझ्याविषयी फार नव्हतं. एका जागी फक्त एवढंच होतं: ‘नवरा हसतो.’

आणि खाली बाईंचं उत्तर: ‘हसू दे. त्याला सांगायची, विचारायची गरज नाही. हे काम तुझं आहे. उद्या झाडापर्यंत. किती वाजता?’

बाई परत आल्या तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसलो होतो.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “उठा.”

“ही माझी बायको आहे,” मी म्हणालो.

“कोण?”

“ही. घरकोंबडी. माझी बायको आहे ही.”

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. त्यांना माहीत नव्हतं. पण ते एका क्षणात गेलं. “मला नाव माहीत नाही आणि जाणून घ्यायचं नाही. तुम्ही दुसऱ्याचं पत्र वाचलंत. उठा.”

मग मी ओरडलो. माझ्या दुकानात बसून माझ्या घरात काड्या घालता, माझ्या बायकोला माझ्यापासून लपवायला शिकवता, असं बरंच काही. बाकीच्या केबिनमधली माणसं उठून उभी राहिली. दत्तूभाऊ दुकानातून बाहेर आले. बाई नुसत्या ऐकत होत्या, आणि त्या शांतपणानं माझं डोकं जास्तच फिरलं.

“तुम्हा लोकांना जरा बसायला खुर्ची दिली की...” मी म्हणालो आणि थांबलो.



“वाक्य पुरं करा,” बाई म्हणाल्या.

मी कळफलक जरा पुढं सारला.

“खुर्ची दिली की काय, मालक? पुरं करा. मी थांबते.”

त्या खरोखर थांबल्या. हातातल्या रुमालाला हात पुसत, माझ्या डोळ्यांत बघत. दवाखान्यात, वसतिगृहात, गावात हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल आणि किती जणांनी ते असंच अर्धवट सोडलं असेल, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मी एवढंच म्हणालो, “उद्यापासून इथं यायचं नाही.”

“उद्या न्हायच येणार. पण आत्ता एकजण परीक्षेला निघण्याआधी माझ्या उत्तराची वाट बघतोय. ते देते आणि जाते. उठा.”

मी उठलो. त्या बसल्या. दोन बोटांनी, पुटपुटत, त्यांनी ते उत्तर लिहिलं. चार-पाच मिनिटं लागली असतील. मी मागं उभा. काय करावं ते मला कळेना. मग त्यांनी वही पिशवीत घातली, चष्मा डब्यात ठेवला, खुर्ची आत सारली आणि गल्लीतून स्टँडच्या बाजूला निघून गेल्या.

घरी जाऊन मी दुसरा तमाशा केला. “तुझ्या त्या बाईला हाकलून दिलं आज,” मी शैलाला म्हणालो. “माझ्याच दुकानातल्या बाईजवळ माझंच उणंदुणं काढत होतीस.”

शैलानं गॅस बंद केला. “त्या तुझ्या दुकानात बसायच्या?”

“रोज. चार नंबरला.”

“मला माहीत नव्हतं.” तिनं कढई खाली उतरवली. “तू माझी पत्रं वाचलीस?”

मी हात धुवायला मोरीवर गेलो. तिनं परत विचारलं नाही. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आई खूश होती, म्हणाली, “सुटला पिच्छा एकदाचा.”

पाचव्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला कॅफेच्या दारात शैला उभी होती.

टेंबलाईवाडीहून शाहूपुरी. रेल्वेचं फाटक ओलांडून, भर उन्हात, ट्रक आणि रिक्षांमधून. वर्षभर जी एकटी कोपऱ्यावरच्या चाफ्यापलीकडे गेली नव्हती ती. पदर घामानं चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि दाराची चौकट तिनं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी झाली होती. मी धावत गेलो. “रिक्षानं आलीस? कोणाबरोबर?”

“चालत आले. एकटी.” तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. “चार वेळा बसले वाटेत. फाटकापाशी वाटलं, मरते आता. न्हाय मेले.”

मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तिनं अर्धा ग्लास प्यायला आणि विचारलं, “कुठं आहेत त्या?”

“कोण?”

“तुला माहीत आहे कोण.”

“मला काय माहीत. गेल्या.”

“मग बघ जा,” शैला म्हणाली. “मी बसते इथं गल्ल्यावर. तू जा.”

“तू? एकटी?”

तिनं काउंटरवरची वही पुढं ओढली. मी गेलो.

बाईंना शोधायला फार वेळ लागला नाही. स्टँडजवळ एका लॉजच्या तळमजल्यावर नवा कॅफे निघाला होता, तिथं अगदी शेवटच्या मशीनवर त्या बसल्या होत्या. बाहेर बसगाड्यांचा गोंगाट, आत अंधार, खुर्ची मोडकी. माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि परत पडद्याकडे वळल्या. मी शेजारी उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काहीही आठवेना.

“शैला... म्हणजे माझी बायको... चालत आली दुकानात,” मी म्हणालो. “टेंबलाईवाडीहून.”

कळफलकावरची दोन बोटं थांबली.

“एकटी?”

“एकटी.”

“कुठल्या वाटेनं?”

“रेल्वेच्या फाटकावरनं.”

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. तो स्वच्छच होता. त्यांचा आवाज तेवढा एकदाच मी बारीक झालेला ऐकला. “फाटक आठ दिवसांनी ठरलं होतं,” त्या म्हणाल्या, पण माझ्याशी नाही.

मी धीर करून म्हणालो, “बाई, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “चुकलं.”

मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो. ‘असू द्या’, ‘होतं असं’, असं काहीतरी माणसं म्हणतात. आपण त्याच्यावरच जगत असतो. बाई काहीच म्हणाल्या नाहीत. शेवटी मीच म्हणालो, “चार नंबर तुमच्यासाठी मोकळं ठेवतो. या.”

“मी हितं बरी हाय. तुमची बायको दुकानात एकटी बसलीया ना? मग हितं काय करतायसा? जावा.”

त्या परत आल्या नाहीत. पुढची तीन-चार वर्षं त्या रोज अकराच्या सुमाराला आमच्या गल्लीतून स्टँडकडे जायच्या. दुसरा रस्ता होता, जवळचाही होता. पण त्यांनी माझ्यासाठी आपला रस्ता बदलला नाही, आणि माझ्या दाराकडे मानही वळवली नाही. मला ते झोंबायचं. मी पाठमोऱ्या बाईंवर मनातल्या मनात चडफडायचो. एवढा काय ताठा, माफी मागितली ना, असं. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी चुकलं म्हणालो होतो, पण ते अर्धं वाक्य त्यांच्याजवळ तसंच राहिलं होतं. ते परत घ्यायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

शैला मात्र हळूहळू सकाळची कॅफेत बसायला लागली. आधी दोन तास, मग दुपारपर्यंत, मग हिशेबापासून दुरुस्तीपर्यंत सगळं तीच बघू लागली. मंडईत जायला तिला आणखी सहा महिने लागले. बाईंशी तिचा पत्रव्यवहार चालू होता. मी कधी विचारलं नाही, तिनं दाखवला नाही. तिनं एकदा बाईंना लिहिलं की मला तुम्हाला भेटायचं आहे. उत्तर आलं, ते मात्र तिनं मला वाचून दाखवलं: ‘भेटायचं नाही. भेटलीस की माझ्यासमोर चांगली वागायला लागशील. मग मला काय खरं लिहिणार?’

त्यामुळे शैला रोज अकराला काउंटरवरून त्यांना जाताना बघायची. मीच तिला दाखवल्या होत्या. गुडघा दुखत असावा, त्या जरा डावीकडे झुकून चालायच्या. शैला हातातलं काम थांबवायची, त्या दिसेनाशा झाल्या की पुन्हा सुरू करायची. बाईंना तिचा चेहरा माहीत नव्हता. एकदा पावसाळ्यात चिखलात त्यांचा पाय सटकला तेव्हा शैला धावत रस्त्यावर गेली आणि त्यांना हात देऊन उभं केलं. बाई तिच्यावरच खेकसल्या, “ओढू नका! माझी मी उठते की.” शैला हसत हसत आत आली. डोळे भरले होते. म्हणाली, “माझ्याशी बोलल्या.”

मग एका वर्षी दिवाळीनंतर बाई दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, रस्ता बदलला. महिना-दीड महिन्यानं शैलाला एक पत्र आलं. बाईंची भाची गडहिंग्लजला शाळेत शिक्षिका होती, तिनं ते लिहिलं होतं. मावशी आजारी होती, पोटाचा आजार, उशिरा कळला. शेवटच्या आठवड्यात तिनं ई-मेलच्या पत्त्यांची यादी देऊन सांगितलं होतं की प्रत्येकाला एक ओळ कळव, नाहीतर उत्तराची वाट बघत बसतील. गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अमुक दिवशी आहे.

शैला म्हणाली, “मी जाणार.” मी म्हणालो, “मीही येतो.” ती म्हणाली, “चल.”

गडहिंग्लजला एसटी बदलून आम्ही नेसरीच्या पुढं त्या वस्तीवर पोहोचलो. विहारासमोर मांडव होता. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, पांढरी फुलं, आणि बाजूला बाईंचा फोटो. फोटो जुना, कॉलेजातला असावा. दोन वेण्या, बारीक चेहरा. मी ज्या बाईंना ओळखत होतो त्यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. वंदना झाली, दोन-चार माणसं बोलली. पोरींना शाळेत घालण्यासाठी त्यांनी इथं केलेली भांडणं सांगितली. इथंही भांडणंच.

गावकऱ्यांपासून थोडं बाजूला काही माणसं उभी होती. पाच-सहाच. एकमेकांना न ओळखणारी, कोणाशी काय नातं सांगावं हे न कळणारी. एक पन्नाशीचा सरकारी नोकरासारखा माणूस, एक कॉलेजचा मुलगा, साताऱ्याकडची एक शिक्षिका, कडेवर बाळ घेतलेली सांगलीची एक तरुण मुलगी. गावातल्या कोणी विचारलं, “पावणं कुठलं?” तर नुसती गावाची नावं सांगत होती. शैला त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मीसुद्धा लिहायची त्यांना.” एवढ्यानं सगळी जवळ आली.

त्यांच्यातल्या एकानंही बाईंना कधी पाहिलं नव्हतं. फोटोकडे बघून ती गोंधळली होती. शैलानं माझ्याकडे बोट केलं. “हे रोज बघायचे त्यांना. ह्यांच्याच कॅफेत बसायच्या.”

सगळे माझ्याकडे वळले. सांगलीच्या मुलीनं विचारलं, “कशा होत्या हो दिसायला?”

मी काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. उंच होत्या. केस पिकलेले, घट्ट बांधलेले. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दोन बोटांनी टाईप करायच्या. फार रागीट होत्या. कुणाला सोडायच्या नाहीत. मलाही नाही सोडलं. मी त्यांना एकदा फार वाईट बोललो, त्यांनी मला माफ केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. एवढं बोलून मी थांबलो. तो सरकारी नोकरासारखा माणूस खाली बघत हसला. म्हणाला, “मलाबी लई झाडलंय त्यांनी. पत्रातनं.”

“आणि आवाज?” ती मुलगी म्हणाली. “मी दोन वर्षं रोज वाचलं त्यांना. आवाज कसा असेल, ते कधी कळलंच नाही. कसा होता?”

मी तोंड उघडलं, पण आवाज कसा सांगतात ते मला येईना. तेवढ्यात मागच्या घराच्या दारातून बाईंची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत होते, ती पदर खोचून, हातात वाढायचा डाव घेऊन बाहेर आली आणि आमच्यावर ओरडली, “आरं, हुबं काय ऱ्हायलायसा सगळी? पानं वाढून गार व्हाय लागल्यात! चला, बसा जेवाय!”

“असा,” मी म्हणालो.